उलटा बिल्ला

"उलटा घाल. नाव आत राहील असा."

लेलेसाहेब हळू बोलले. मराठीत बोलले. आजूबाजूला सगळे गुजराती नाहीतर हिंदी बोलणारे, म्हणून मुद्दाम मराठीत. आपल्या माणसाला बाजूला घेऊन सांगावं तसं.

मी हातातला बिल्ला बघत होते. जाड चकचकीत कागद, प्लॅस्टिकचं पाकीट, निळी फीत. वर संमेलनाचं नाव, खाली मोठ्या इंग्रजी अक्षरांत माणसाचं नाव. ते माझं नव्हतं. मीतभाईंचं होतं. मीतभाई म्हणजे आमच्या संघटनेच्या प्रमुखांचा पुतण्या.

"साहेब, यांची काहीतरी चूक झाली. फॉर्म मी माझ्या नावाने भरला होता."

"चूक नाही. नाव प्रमुखांनी बदलायला सांगितलं. मीतभाईंना दोन दिवस जमणार नाही, त्यांच्या जागी तू बस. प्रत्येक सत्र संपलं की कार्डावर शिक्का घ्यायचा. एवढंच." मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाले, "अगं, शिकणं तर तुझंच होणार ना. नावाचं काय एवढं."

टेबलामागची मुलगी पुढच्या माणसाला हाक मारत होती. माझ्या मागे रांग होती. मी फीत गळ्यात घातली. बिल्ला फिरवला. त्याची मागची बाजू कोरी होती. ती पुढे आली.

माझा हात कुणी धरला नव्हता. मीच फिरवला. हे आधी सांगून टाकते, कारण पुढे मी दुसऱ्यांबद्दल बरंच बोलणार आहे.

मी सुरतेत यंत्रमाग कारखानदारांच्या एका संघटनेच्या ऑफिसात काम करते. रिंग रोडवर, तिसऱ्या मजल्यावर. संघटना कारखानदारांची. त्यांच्यातून प्रमुख निवडून येतात, उपप्रमुख निवडून येतात, खजिनदार येतात. ते महिन्यातून एकदा सभेला जमतात, सुरतेचा तो वाफवलेल्या डाळीचा लोचो खातात, बोलतात, जातात. उरलेले दिवस संघटना चालवतात ती पगारी माणसं. सभेची नोटीस काढायची, सरकारला अर्ज लिहायचे, निवडणूक लावायची, सभासदांची भांडणं ऐकून घ्यायची, वीज कंपनीच्या साहेबाला फोन करकरून त्याचा जीव खायचा. लेलेसाहेब तिथे सचिव होते. बडोद्याकडचे मराठी. आणि मी. मला हुद्दा नव्हता. मला सगळे 'बेन' म्हणायचे. अकरा वर्षांत ऑफिसात मला माझ्या नावाने कुणी हाक मारल्याचं आठवत नाही.

असं काम करणाऱ्या माणसांचंही एक संमेलन भरतं. डॉक्टरांच्या संघटनेचा सचिव, बिल्डरांच्या संघटनेचा, हिऱ्यावाल्यांच्या, डाइंगवाल्यांच्या संघटनेचा, सगळे येतात. दोन दिवस, सहा सत्रं. संघटना कशी चालवायची ते शिकवतात. शेवटी लेखी परीक्षा, मग प्रमाणपत्र. लेलेसाहेब दरवर्षी जायचे. येताना संमेलनाची पिशवी आणायचे आणि ती मला द्यायचे. "डब्याला होईल," म्हणायचे. व्हायची. मी दहा संमेलनांच्या दहा पिशव्यांतून डबा नेला आहे. आमच्या कोसाडच्या सरकारी आवास वसाहतीतल्या बायका पिशवीवरची इंग्रजी अक्षरं बघून म्हणायच्या, "ताई फिरती बुवा सगळीकडे." मी नाही म्हणायचे नाही.

त्या वर्षी लेलेसाहेब निवृत्त होणार होते. कमिटीने ठरवलं होतं, पुढचा सचिव प्रमाणपत्रवालाच घ्यायचा. साहेबांच्या सहीने जाणारी पत्रं तीन वर्षं मीच लिहीत होते. हे प्रमुखांनाही माहीत होतं. प्रमुख म्हणजे धनसुखभाई. एक दिवस मला बोलावून म्हणाले, "बेन, आ वखते तमे जाव. बधुं शीखी आवो."

या वेळी तुम्ही जा. सगळं शिकून या.

मी काय समजायचं? मी तेच समजले जे कुणीही समजेल. मी फॉर्म भरला. त्यावर माझं पूर्ण नाव लिहिलं. मधे आबांचं.

आबा म्हणजे माझे वडील. शिरपूर तालुक्यातून तरुणपणी सुरतेला आले आणि तीस वर्षं माग चालवले. मागांच्या खडखडाटात कान गेले, समोरच्याचे ओठ बघून समजून घेतात. आता ते बोलतात ते ओरडल्यासारखं, साधी गोष्टही सगळ्या गल्लीला ऐकू जाते. आई घरी साड्यांचे लोंबणारे धागे कापते. गठ्ठे येतात, कापून परत जातात. मी कॉर्पोरेशनच्या मराठी शाळेत शिकले, मग बी.कॉम. झाले. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेज कुणी बघितलं नव्हतं. शेवटची परीक्षा झाली त्या दिवशी आबांनी माझं कॉलेजचं ओळखपत्र मागून घेतलं. दाराच्या आतल्या बाजूला, डोळ्यांच्या उंचीवर, एक खिळा ठोकला आणि ते त्यावर टांगलं. आबांना वाचता येत नाही. पण कामाला जाताना ते रोज त्याच्यापुढे उभे राहायचे. देवापुढे नाही राहायचे एवढे.

संमेलनाचं घरी सांगितलं तेव्हा आबा ओरडून म्हणाले, "बोलावं शे का तुले?" म्हणजे, तुला बोलावणं आहे का.

"शे," मी म्हणाले.

आईने गठ्ठ्यातून एक साडी विकत घेऊन ठेवली होती. चांगली होती, फक्त काठाजवळ तेलाचा एक डाग होता, म्हणून स्वस्तात आली. सकाळी तिने स्वतः मला नेसवली. डाग बरोबर निऱ्यांच्या आत जाईल अशी.

संमेलनाचं हॉटेल हजिऱ्याच्या रस्त्याला. साहेबांबरोबर गाडीने इच्छापोरवरून गेलो तेव्हा कारखान्यांच्या फाटकांवर ठेकेदाराची माणसं रांगेत उभी होती. प्रत्येकाच्या गळ्यात पास. जाताना मी ते बघितले, पण काही वाटलं नाही. संध्याकाळी परत येताना पुन्हा बघितले. सगळ्यांचे सुलटे होते.

खरं सांगते, पहिल्या दिवशी दुपारपर्यंत मी बिल्ल्याचं विसरले. शिकायला मिळत होतं. मी मागच्या रांगेत बसून वही भरत होते. सभासद संघटना सोडून का जातो. दोन सभासद भांडले तर ऑफिसने कुणाची बाजू घ्यायची. सरकारला पत्र लिहिताना पहिल्या ओळीत काय यायला हवं. यातलं निम्मं मी करतच होते, पण त्याला नियम असतात, नाव असतं, हे माहीत नव्हतं. रोज रांधणाऱ्या बाईला कुणी तरी सांगावं की तू करतेस तो स्वयंपाक पुस्तकात लिहिलेला आहे, तसं काहीसं वाटलं.

तिसरं सत्र मिनिट बुकाचं होतं. सभेत काय झालं ते ज्यात लिहायचं ते जाड रजिस्टर. अकरा वर्षं आमचं मिनिट बुक माझ्या अक्षरात आहे. शिकवणाऱ्या मॅडम अहमदाबादच्या होत्या, हिंदीत शिकवत होत्या. त्यांनी विचारलं, "मिनिट्स लिखनेवाले का नाम हाजिरी में कौन लिखता है?"

कुणाचा हात वर गेला नाही.

त्या म्हणाल्या, हीच चूक सगळीकडे होते. खोलीत जो बसला आहे त्याचं नाव लिहायचं. सभासद नसेल, मतदानाचा हक्क नसेल, तर वेगळ्या ओळीत लिहा, 'सभासद नसलेले हजर' म्हणून. पण लिहा. उद्या कोर्टात प्रश्न आला की हे कुणी ऐकलं, कुणी लिहिलं, तर उत्तर त्या पानावर पाहिजे. आणि पानांना छापील नंबर पाहिजेत. पान फाडायचं नाही. चूक झाली तर एक रेघ मारायची, खालचं वाचता येईल अशी, आणि अध्यक्षाने रेघेच्या बाजूला सही करायची.

मी ते उतरवून घेतलं. खाली दोनदा रेघ ओढली. अकरा वर्षं दर महिन्याची सभा. प्रत्येक सभेला मी खोलीत होते. लोचो मी मागवला, पंखा मी लावला, ठराव मी लिहिला. हजेरीत सगळ्यांची नावं माझ्याच हाताने लिहिली. माझं एकदाही नाही. मला ते कधी खटकलंही नव्हतं. मी त्या वहीकडे बघत बसले.

जेवणाच्या सुट्टीत मीतभाई आले. जमत नव्हतं, पण जेवायला जमलं. ग्रुप फोटो होता. ते माझ्याजवळ आले, हसले. वाईट माणूस नाही तो. कारखान्यात मन लागत नाही, काकांना काळजी, एवढंच.

"बेन, बिल्लो आपो ने. फोटो पाडवानो छे."

मी गळ्यातून काढून दिला. त्यांनी घातला, सुलटा. पुढच्या रांगेत मधोमध उभे राहिले. फोटो झाला. परत येऊन त्यांनी तो माझ्या हातात दिला. "थँक यू, बेन. तमे न होत तो मारुं शुं थात."

तुम्ही नसता तर माझं काय झालं असतं. मनापासून म्हणाले. त्यांनी उर्मटपणा केला असता तर मला सोपं गेलं असतं. मी पुन्हा बिल्ला घातला. उलटा.

दुसऱ्या दिवशी गटांत बसवलं. प्रत्येक गटाला एक अडचण दिली. आमच्या गटाची अशी होती, की संघटनेत मोठे आणि लहान कारखानदार यांच्यात फूट पडते आहे, तर ऑफिसने सभा कशी घ्यावी. हे आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी घडलं होतं. सोडवलं मी होतं, श्रेय साहेबांना गेलं होतं. मी गटाला सांगत गेले, दोघं-तिघं लिहून घेत गेले. एक वयस्कर गृहस्थ म्हणाले, "बहुत अच्छा, आप ही बोलना स्टेज पे."

मला हो म्हणायला नको होतं. पण माझ्या मनात सबंध सभा उभी होती, पहिल्या वाक्यापासून.

मॅडमनी बोलणाऱ्यांची यादी बघितली, त्यात माझ्या जागेवरचं नोंदणीतलं नाव होतं. "इस ग्रुप से मीतजी का नाम है। मीतजी, आइए।"

मी उभी राहिले.

सगळ्या माना वळल्या. मग मागून कुणी तरी म्हणालं, "मीतभाई तो साडी पहेरीने आव्या." मीतभाई साडी नेसून आले म्हणे. हॉल हसला. वाईट हसला असं नाही, गमतीत हसतात तसं. मी अर्धवट पुढे गेलेली. बिल्ल्याची कोरी बाजू समोर.

पहिल्या रांगेतून लेलेसाहेब उठले. हसतच. "मैडम, ये हमारे ऑफिस की बेन है। साहब की जगह बैठी है, नोट्स लेने के लिए।"

मला वाटलं, मॅडम काही म्हणतील. कालच त्यांनी सांगितलं होतं, खोलीत जो आहे त्याचं नाव लिहा. त्यांनी चष्म्यातून माझ्याकडे बघितलं, यादीकडे बघितलं. म्हणाल्या, "अच्छा। तो आप बैठ जाइए। ग्रुप से कोई और आ जाए।"

मी बसले. ते वयस्कर गृहस्थ गेले आणि माझी वाक्यं बोलले. चांगली बोलले. टाळ्या पडल्या. येऊन माझ्या शेजारी बसले आणि माझ्याकडे बघायचं टाळत राहिले.

मी रडले नाही. निऱ्या घट्ट धरून बसले. हाताला डाग लागत होता. निऱ्यांत लपलेला, तेलाचा. मी तो बोटाने चोळत होते.

दुपारी परीक्षा. मी पेपर लिहिला. वर मीतभाईंचं नाव लिहिलं, माझ्या अक्षरात. हे मी केलं. प्रत्येक उत्तर येत होतं. पाच वाजता मीतभाई कोट घालून आले, स्टेजवर गेले, प्रमाणपत्र घेतलं. जाण्याआधी त्यांचा फोन माझ्या हातात दिला होता. मी त्यांचे तीन फोटो काढले. एकात त्यांचे डोळे मिटले होते, म्हणून पुन्हा काढला.

परतताना गाडीत लेलेसाहेब म्हणाले, "तू उभी कशाला राहिलीस? गप्प बसायचं होतं. शोभलं नाही ते. आपल्याला आपली जागा कळली पाहिजे." आणि मग, बऱ्याच वेळाने, "तुझी भाषा पण अजून त्या चाळीतलीच आहे गं. हॉलमध्ये बोलली असतीस तर अजून हसले असते."

साहेब माझ्याशी अकरा वर्षं मराठीत बोलायचे. मला वाटायचं, तेवढं एक माझ्या बाजूने आहे.

घरी दार उघडल्याबरोबर आबा. वाटच बघत होते. "दखाड," म्हणाले. दाखव.

काय दाखवणार होते मी? पर्समधून बिल्ला काढला. आबांनी दोन्ही हातांनी घेतला. सुलटा केला. इंग्रजी अक्षरांवरून बोट फिरवलं.

"तुनं नाव?"

"हां, आबा."

त्यांनी तो खिळ्यावर टांगला. माझ्या कॉलेजच्या ओळखपत्राच्या शेजारी. आई गठ्ठा बाजूला सारून बघायला उठली. कात्री तिच्या हातातच होती. शेजारच्या काकूंना बोलावून दाखवलं. त्यांनाही वाचता येत नव्हतं. माझं नशीब असं की त्या घरात इंग्रजी वाचणारी मी एकटी.

चार आठवडे तो तिथे होता. मी रोज त्याच्यासमोरून ऑफिसला जायचे. मान फिरवून जायचे.

मग एका रविवारी आबा दारात बसले होते. मी भाजी निवडत होते. आबा त्यांच्या त्या मोठ्या आवाजात म्हणाले, "पोर, हाऊ बिल्ला तुना नई शे."

समोरच्या घरातल्या बाईने मान वर करून बघितलं. गल्लीला ऐकू गेलं होतं.

"तुम्हले कसं समजनं?"

आबा उठले. खिळ्यावरून दोन्ही काढले. ओळखपत्र एका हातात, बिल्ला दुसऱ्या. ओळखपत्रावरच्या माझ्या नावाच्या पहिल्या अक्षरावर अंगठा ठेवला. "हाई अक्षर मी रोज दखस. ते आठे नई."

हे अक्षर मी रोज बघतो. ते इथे नाही.

"कधी दखं?"

"पहिलाच दिन."

पहिल्याच दिवशी बघितलं, तरी टांगला, शेजाऱ्यांना दाखवला. मी विचारलं, "मंग टांगा कसाले?"

आबा बिल्ल्याकडे बघत राहिले. "तू खुश व्हती, पोर."

मी खूश नव्हते. मी खूश असल्याचं दाखवत होते, आबांना फसवण्यासाठी. आणि आबा फसल्याचं दाखवत होते, माझ्यासाठी. चार आठवडे आम्ही दोघं एका खोलीत हे करत होतो.

आई धागे कापत होती. तिने कात्री थांबवली नाही. पण मान खाली घातली ती वर केली नाही.

मग आबांनी जे सांगितलं ते मी कधी ऐकलं नव्हतं. सुरतेला आले तेव्हा त्यांचं नाव कारखान्याच्या हजेरीवर नव्हतं. दुसरा एक गडी गावी गेला होता, त्याच्या कार्डावर यांना उभं केलं. तो परत आलाच नाही. आबा त्याच्या नावाने बारा वर्षं माग चालवत राहिले. त्याच नावाने मुकादम हाक मारायचा. आबा 'हो' म्हणायचे. बोट यंत्रात गेलं तेव्हा दवाखान्याच्या कागदावरही तेच नाव लागलं. डाव्या हाताचं ते अर्धं बोट मी लहानपणापासून बघत आले आहे. ते कागदोपत्री आबांचं नाही.

"माले वाचता ये नई," आबा म्हणाले. "तुले येस."

एवढंच. चिडून नाही. मला वाचता येत नाही. तुला येतं. तेवढं सांगून पुन्हा दारात जाऊन बसले. मी भाजी तशीच टाकून मोरीत गेले आणि नळ सोडून रडले. आबांना ऐकू येत नाही हे माहीत असून नळ सोडला.

सोमवारी मी बिल्ला ऑफिसात नेला आणि मीतभाईंच्या टेबलावर ठेवला. सुलटा. ते आता रोज येत होते, काम समजून घ्यायला.

त्या महिन्याच्या सभेत तीन विषय होते. एक, मागच्या सभेचं मिनिट वाचून मंजूर करणे. दोन, लेलेसाहेबांना निरोपाची शाल. तीन, प्रमाणपत्र मिळवल्याबद्दल मीतभाईंचं अभिनंदन आणि त्यांची सचिव म्हणून नेमणूक. सगळ्यांनी हात वर केले. टाळ्या वाजल्या. मी नेहमीसारखी भिंतीजवळच्या स्टुलावर, मांडीवर मिनिट बुक. धनसुखभाई माझ्याकडे वळून म्हणाले, "बेन, मीतभाईने बधुं बतावी देजो." सगळं दाखवा त्यांना.

मी मान हलवली. लिहीत राहिले.

हजेरीत सगळ्यांची नावं लिहून झाली. मग मी एक ओळ सोडली आणि लिहिलं, सभासद नसलेले हजर. त्याखाली माझं नाव. पूर्ण. मधे आबांचं. अक्षर जरा वाकडं आलं. तिसऱ्या विषयाखाली ठराव लिहिला, जसा झाला तसा. त्याच्याखाली आणखी चार ओळी लिहिल्या. गुजरातीत लिहिल्या, त्यांचा अर्थ असा:

संमेलनाच्या सहाही सत्रांना श्री. मीतभाई हजर नव्हते. त्यांच्या नावाचा बिल्ला घालून मी बसले. परीक्षेचा पेपर मी लिहिला. हे मी करायला नको होतं, आणि हे मिनिट लिहिणारी म्हणून मी ते नोंदवते.

त्याच मजकुराचं पत्र संमेलनवाल्यांना पाठवलं. खाली लिहिलं की प्रमाणपत्र रद्द करा आणि माझ्यावर काय कारवाई करायची ती करा. अजून उत्तर आलेलं नाही.

पुढची सभा. पहिला विषय नेहमीचा, मागचं मिनिट वाचून मंजूर करणे. हे वाचन कुणी ऐकत नाही. अकरा वर्षं कुणी ऐकलं नव्हतं. कागदाच्या ताटल्यांचा आवाज, फोन, गप्पा. मी उभी राहून वाचत गेले. हजेरी आली. माझं नाव वाचलं. एक-दोन माना वर झाल्या. तिसरा विषय आला. त्या चार ओळी मी बाकीच्यासारख्याच वाचल्या. त्याच आवाजात.

ताटल्यांचा आवाज थांबला.

मीतभाई फोनमध्ये बघत होते. त्यांचे कान लाल झाले. धनसुखभाईंनी चमचा खाली ठेवला. "बेन, आ शुं लख्युं छे?" हे काय लिहिलंय?

"जे थयुं ते, प्रमुखश्री." जे झालं ते.

"आ काढी नाखो." हे काढून टाका.

"पाना पर नंबर छे. काढी न शकाय. छेकवुं होय तो तमे छेको. बाजुमां सही करजो." पानाला नंबर आहे, काढता येत नाही. खोडायचं असेल तर तुम्ही खोडा. बाजूला सही करा.

लेलेसाहेबांना सल्लागार म्हणून बोलावलं होतं. शालवाले. ते मराठीत, हळूच, "अगं, असं लिहायचं नसतं. आपल्या माणसांची बदनामी होते. असं कुठे शिकलीस तू?"

"तिसऱ्या सत्रात, साहेब," मी म्हणाले. मोठ्याने म्हणाले, आबांसारखी. "तुम्हीच म्हणालात ना, शिकणं तुझंच होणार."

धनसुखभाईंनी पेन मागितलं. माझंच दिलं. त्यांनी चार ओळींवर चार रेघा मारल्या. मग वर जाऊन माझ्या नावावर एक रेघ मारली. बाजूला सही केली. पाच रेघा, पाच सह्या. मी पुस्तक परत घेतलं. रेघेखालचं सगळं वाचता येत होतं.

सचिव मीतभाई झाले. केबिन त्यांना मिळाली. पत्रं अजून मीच लिहिते, सही त्यांची. मला अजून 'बेन' म्हणतात. जास्त तुटक म्हणतात. लोचो आणायला सांगतात, आणते. कुणी सांगितलं की तू सोडून जा, कुठेही मिळेल तुला. मी सोडणार नाही. सोडून गेले तर त्या पुस्तकात माझ्यानंतर येईल तिचं नावही कुणी लिहिणार नाही.

त्यानंतर चार सभा झाल्या. चारही वेळा मी हजेरीत माझं नाव लिहिलं. चारही वेळा ते खोडलं गेलं आणि चारही वेळा बाजूला प्रमुखांची सही आहे. मी तिथे होते याचा साक्षीदार आता तेच आहेत. पुढच्या वर्षी संमेलनाचा फॉर्म पुन्हा भरीन, माझ्या नावाने, माझ्या पगारातून. घेतील, नाही घेतील. घेतला आणि बिल्ल्यावर दुसरं नाव आलं, तर मी तो टेबलावर ठेवून फाटकाबाहेर येईन आणि इच्छापोरच्या त्या रांगेसमोरून चालत घरी जाईन.

आता कमिटीत कुजबुज आहे की बेनला काढा. काढू देत. पण पगारी माणसाला काढायचं तर सभेत ठराव करावा लागतो, आणि ठराव मिनिट बुकात लिहावा लागतो. तो ठराव मी लिहीन. सूचक कोण, अनुमोदक कोण, हात कुणाकुणाचे वर झाले, सगळं लिहीन. आणि त्याआधी, हजेरीच्या खाली, एक ओळ सोडून माझं नाव लिहीन. पूर्ण. मधे आबांचं.